नॅशनल पार्क वेगळं, नॅशनल फॉरेस्ट वेगळं: आरव्ही रात्री लावायची कुठे?

आरव्ही म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, चाकांवरचं घरच. इथे अमेरिकेत मार्च-एप्रिल आला की माझ्या फोनवर ठरलेले दोन मेसेज येतात. पहिला: "आरव्ही बुक केली, युटाला येतोय. नॅशनल पार्कमध्ये कुठेही फुकट राहता येतं ना?" दुसरा: "पार्कमधल्या सगळ्या जागा संपल्या, आता ट्रिप रद्द करू का?" दोन्हीचं उत्तर एकच, नाही. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घोळ आहे. नकाशावर दोन हिरवे पट्टे शेजारी-शेजारी दिसतात, दोघांच्याही नावात 'नॅशनल' आहे, दोन्हीकडे झाडं, डोंगर आणि तपकिरी पाट्या. म्हणून माणसं एकाचे नियम दुसऱ्याला लावतात, आणि मग रात्री अकरा वाजता मला फोन करतात.

नॅशनल पार्क तुम्हाला माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन, यलोस्टोन. पिढ्यान्‌पिढ्या आहे तसं राखायचं, हा त्याचा हेतू. १९१६ साली स्थापन झालेली नॅशनल पार्क सर्व्हिस ते सांभाळते आणि ती गृह खात्याखाली येते. (हे अमेरिकेचं 'इंटीरियर'. पोलिसांशी संबंध नाही, जमिनीशी आहे.)

नॅशनल फॉरेस्ट मात्र चक्क शेतकी खात्याकडे आहे. १९०५ साली फॉरेस्ट सर्व्हिस सुरू झाली तेव्हा जंगलाकडे पीक म्हणून पाहिलं जात होतं, आणि तो विचार अजून पुरता गेलेला नाही. तिथे लाकूडतोड चालते, गुरं चरतात, हंगामात शिकार होते, स्की रिसॉर्ट असतात. यावरून "म्हणजे फॉरेस्ट दुय्यम का?" असं विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. डिक्सी नॅशनल फॉरेस्टमधले लाल सुळके बघून ब्राइस आलं असं समजून फोटो टाकणारे मी डझनाने पाहिलेत. ते रेड कॅनियन असतं, ब्राइसचं गेट अजून काही मैल पुढे असतं. सौंदर्य सरकारी हद्द पाहून थांबत नाही.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर ताडोबाचा कोअर आणि बफर डोळ्यांसमोर आणा. कोअरमध्ये गेट, वेळ, गाईड, सगळं मोजून-मापून. बफरमध्ये गावं आहेत, गुरं आहेत, हात थोडा सैल. पण दाखला इथपर्यंतच चालतो. ताडोबात दोन्ही बाजूंना आपलं वनखातंच असतं. इथे हद्द ओलांडली की खातं बदलतं, रेंजरचा गणवेश बदलतो आणि नियमांची वहीसुद्धा.

आता मुद्द्याचं. सगळा घोळ होतो तो रात्रीचा. दिवसा कुठेही फिरा, फरक फारसा जाणवत नाही. गाडीचं इंजिन बंद करून पडदे ओढायची वेळ आली की जाणवतो.

पार्कमध्ये झोपायची परवानगी फक्त आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडमधल्या, तुमच्या नावाने बुक असलेल्या नंबरच्या जागेत. व्ह्यू पॉइंटचं पार्किंग नाही, ट्रेलहेडचं (पायवाट सुरू होते तिथलं) पार्किंग नाही, रस्त्याकडेची मोकळी जागा नाही. "पण आरव्ही म्हणजे आमचं घरच आहे, तंबू थोडाच ठोकतोय?" हा युक्तिवाद मी स्वतः करून बघितलाय. आमच्या दुसऱ्याच सहलीत, एका पार्कात उशीर झाला म्हणून आम्ही व्ह्यू पॉइंटच्या पार्किंगमध्ये झोपलो. साडेअकराला दारावर टकटक. रेंजर अतिशय सभ्य होता आणि अजिबात ऐकणारा नव्हता. त्या अंधारात, रस्त्यावर हरणं उभी असताना, आम्ही तासभर गाडी हाकली. चूक शंभर टक्के आमची.

या नंबरच्या जागा साधारण सहा महिने आधी बुकिंगला उघडतात आणि मोसमात सकाळीच उडतात. कॅपिटल रीफच्या फ्रूटा कॅम्पग्राउंडमध्ये एकूण जागा ७१. जर्दाळू आणि सफरचंदांच्या बागांना लागून झोपायला मिळतं, बागेत फिरत फळ तोडून खाल्लं तर पैसे पडत नाहीत, घरी न्यायचं असेल तर द्यायचे. अशा जागेसाठी किती लोक टपून बसत असतील याचा अंदाज करा.

फॉरेस्टमध्ये उलटं आहे. तिथे आखलेली कॅम्पग्राउंड्स असतातच, पण त्यांच्या बाहेरही, जंगलातल्या परवानगी असलेल्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला, गाडी लावून झोपता येतं. बुकिंग नाही, बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत. याला 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात. मुक्काम साधारण दोन आठवड्यांपर्यंत चालतो, पण नेमके दिवस प्रत्येक जंगलाचे वेगळे, आणि गर्दीच्या ठिकाणी बरेच कमी. थोडक्यात, पार्कात पाटीने परवानगी दिली तरच झोपायचं, फॉरेस्टात पाटीने मनाई केली नसेल तर झोपता येतं. 'फुकट कुठेही' ही जी दंतकथा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती इथून निघाली आणि वाटेत तिला 'पार्क' हे चुकीचं नाव चिकटलं.

हे ऐकून लगेच स्टेअरिंग उजवीकडे वळवू नका. कोणत्या कच्च्या रस्त्याकडेला मुक्काम चालतो ते फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटार वाहन नकाशावर दाखवलेलं असतं. तो फुकट मिळतो, आणि दिसायला इतका रुक्ष असतो की कुणी उघडतच नाही. उघडा. ज्या रस्त्यांच्या कडेने ठिपके छापलेत तिथे, ठरलेल्या अंतराच्या आत, गाडी लावता येते. फोनवर उतरवून घ्या, कारण तिथे पोचल्यावर रेंज जाते. आणि आधी कुणीतरी वापरलेली जागा निवडा. दगडांचं जुनं चुलाण दिसलं की समजायचं. नव्या गवतावर चाकं घालणारे माझे शत्रू आहेत.

एकाच रस्त्यावर हे सगळं बघायचं असेल तर युटाचा हायवे १२ घ्या. जेमतेम सव्वाशे मैलांचा, पण हद्दी किती वेळा बदलतात ते बघा. पश्चिमेकडून शिरलात की पहिलं रेड कॅनियन, म्हणजे फॉरेस्ट. तिथे रस्त्यालाच लागून फॉरेस्टचं साधं कॅम्पग्राउंड आहे. मग ब्राइसचा फाटा, म्हणजे पार्क, आत रात्र फक्त बुक केलेल्या जागेत. पुढे हायवेच पार्कच्या एका कोपऱ्यातून जातो, मॉसी केव्हचा छोटा ट्रेल तिथेच. गेट लागत नाही म्हणून ते फॉरेस्ट होत नाही. मग एस्कलांतेच्या पुढे ग्रँड स्टेअरकेस, ही तिसऱ्याच खात्याची, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जमीन. ओसाड, खडकाळ, अफाट. बोलीत सगळे तिला बीएलएम म्हणतात आणि मुक्कामाच्या बाबतीत तिचा स्वभाव फॉरेस्टसारखाच. त्यानंतर हॉगबॅक नावाची अरुंद धार लागते, दोन्ही बाजूंना दरी. तिथे चालवणाऱ्याने देखावा बघू नये, बाजूला बसणाऱ्याने बोलू नये. बोल्डर गाव सोडलं की रस्ता ९,६०० फुटांवर चढतो, पुन्हा फॉरेस्ट, अ‍ॅस्पेनची झाडं, आणि खाली वाळवंटाचे लाल थर पसरलेले. उतरलात की टोरी, आणि तिथून जवळच कॅपिटल रीफ, पुन्हा पार्क.

टोरीकडच्या या उतारावर सिंगलट्री नावाचं फॉरेस्टचं कॅम्पग्राउंड आहे. पुण्याहून मामा-मामी आले तेव्हा एक रात्र तिथे काढली. त्याआधीच्या रात्री आम्ही एका फॉरेस्ट रोडच्या कडेला होतो. मामींनी सकाळी पडदा सारला आणि समोर गाय. "अगं, एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं का?" मामी म्हणाल्या, पण दिवसभर फोनवर सगळ्यांना त्याच गाईचा फोटो दाखवत होत्या.

आता ज्या खड्ड्यात भाड्याची आरव्ही घेणारे पडतात तो. फॉरेस्टची फुकट जागा जवळजवळ नेहमी कच्च्या रस्त्यावर असते. आणि भाड्याच्या आरव्हीच्या बहुतेक करारांत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की डांबर सोडून गाडी न्यायची नाही. कॅम्पग्राउंडकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याची सूट काहींत असते, काहींत नसते. करारबाह्य रस्त्यावर गाडी रुतली तर विमा हात वर करतो आणि क्रेनचं बिल तुमच्या नावावर. म्हणजे जंगलाचा नियम हो म्हणतो आणि तुमचा करार नाही म्हणतो. करार आधी वाचा, नकाशा नंतर.

म्हणून भाड्याची गाडी असेल तर माझी पसंती सरळ आहे: फॉरेस्टचं आखलेलं, पैसे देऊन राहायचं, डांबरी रस्त्यालगतचं कॅम्पग्राउंड. शौचालय असतं, बहुतेकदा नळ असतो, मेज-बाक असतात. पार्कपेक्षा भाडं सहसा कमी, मारामारीही कमी. बरीचशी उंचावरची कॅम्पग्राउंड्स उन्हाळ्यातच उघडी असतात, तेवढं तपासा. पार्कात जागा नाही म्हणून ट्रिप रद्द करणाऱ्यांना मी हेच सांगते: मुक्काम फॉरेस्टात करा, पार्क दिवसा बघा.

फुकट म्हणजे सोयीचं, हाही एक गैरसमज आहे. कच्च्या रस्त्याकडेला वीज नाही, पाणी नाही, कचरापेटी नाही. पण गंमत म्हणजे पार्कातही बहुतेक ठिकाणी वीज-पाण्याची जोडणी नसते! ब्राइसच्या दोन्ही कॅम्पग्राउंड्समध्ये नाही, फ्रूटात नाही. झायनच्या वॉचमनमध्ये विजेची आहे, ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेजमध्ये सगळी आहे, यलोस्टोनमध्ये फक्त फिशिंग ब्रिजला. बाकी जोडणी हवी तर पार्काबाहेरचे खासगी आरव्ही पार्क. जोडणी नसेल तर एसी आणि मायक्रोवेव्ह जनरेटरशिवाय चालत नाहीत, आणि मिक्सरही. वाटण घरूनच करून आणा. कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, सकाळी साडेपाचला चहासाठी तो सुरू करणाऱ्याला शेजारी कधी माफ करत नाहीत. कुकर मात्र विसरू नका. ब्राइसच्या आठ हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायला बसलात तर सूर्योदय होईल.

आपल्या स्वयंपाकात सगळ्यात आधी भरते ती सांडपाण्याची टाकी. कढई, परात, ताटं, चहाची भांडी. भरली म्हणून जंगलात कुठेही वाल्व्ह उघडायचा नाही, भांड्यांचंच पाणी आहे असं म्हणूनसुद्धा नाही. डंप स्टेशनलाच, म्हणजे टाकी रिकामी करायच्या ठरलेल्या जागीच जायचं. ते कुठे आहे हे मुक्काम ठरवतानाच बघून ठेवा. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवा, दोन दिवस जास्त निघतात.

उरलेले फरक भराभर. कुत्रा असेल तर फॉरेस्ट: तिथे दोरी लावून बहुतेक ट्रेलवर चालतो, पार्कात जवळपास कुठेच नाही. ड्रोन पार्कात बंद. शिकारीच्या मोसमात, शरद ऋतूत, फॉरेस्टात फिरताना भडक नारिंगी घाला. पाट्यांवरची चिन्हं ओळखायला शिका: बाणाच्या टोकात गवा आणि झाड म्हणजे पार्क, ढालीत पाइनचं झाड म्हणजे फॉरेस्ट, त्रिकोणात डोंगर आणि नदी म्हणजे बीएलएम. 'नॅशनल मॉन्युमेंट' म्हणजे पुतळा किंवा स्मारक नव्हे. तो जमिनीला दिलेला दर्जा आहे, आणि ती जमीन कोणत्या खात्याकडे आहे हे वेगळं विचारावं लागतं. सीडर ब्रेक्स हे मॉन्युमेंट पार्कवाल्यांचं, ग्रँड स्टेअरकेस बीएलएमचं. मॉन्युमेंट व्हॅली यातलं काहीच नाही. ती नावाहो या आदिवासी लोकांची स्वतःची जमीन, तिथे त्यांचं तिकीट आणि त्यांचे नियम. राष्ट्रीय पार्कांचा पास दाखवून हुज्जत घालू नका. दारूही सोबत नेऊ नका, नावाहो हद्दीत बंदी आहे. उन्हाळ्यात घड्याळही तपासा: ॲरिझोना वेळ बदलत नाही, नावाहो बदलतात.

फॉरेस्टला सहसा गेटच नसतं, पार्कला असतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी २०२६पासून हिशोब बदलला आहे: परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलर, आणि तो नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन धरून अकरा पार्कांत सोळा वर्षं आणि त्यावरील माणशी १०० डॉलर जास्तीचे. पास कोणताही असो, त्यात फक्त प्रवेश येतो, कॅम्पग्राउंडचं रात्रीचं भाडं वेगळं भरावं लागतं.