डेथ पॅनेल: नसलेल्या समितीची भीती

2009 साली अमेरिकी काँग्रेससमोर आरोग्यसुधारणेचं हजारावर पानांचं विधेयक आलं. त्यात 1233 क्रमांकाचं एक कलम होतं. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. या विमाधारकाने शेवटच्या दिवसांतल्या उपचारांबद्दल डॉक्टरांशी बोलायचं ठरवलं, तर त्या भेटीची फी साधारण पाच वर्षांतून एकदा विम्यातून द्यावी, एवढाच त्याचा मतलब. व्हेंटिलेटर लावायचा का? शुद्ध हरपली तर निर्णय कोणी घ्यायचा? अखेरचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात? अशा भेटीत बोलायचं ते हे. आणि बोलायचं की नाही, हेही रुग्णाच्याच मर्जीवर.

जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नर बेट्सी मॅककॉघी यांनी रेडिओवर सांगितलं की, ही भेट सक्तीची आहे. 7 ऑगस्टला विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या 2008 मधल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी फेसबुकवर त्याच्या पुढची मजल मारली: आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला ओबामांच्या 'डेथ पॅनेल'पुढे उभं राहावं लागेल, आणि ते उपचारांच्या लायकीचे आहेत का हे सरकारी बाबू ठरवतील. अशी समिती विधेयकात कुठेच नव्हती. पण दोन शब्दांत एक खोली, एक टेबल आणि पलीकडे बसलेले निर्विकार चेहरे डोळ्यांसमोर उभे राहतात. कलम 1233 वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर काय उभं राहणार?

हा आरोप खोटा आहे, हे वर्तमानपत्रांनी लगेच आणि वारंवार छापलं. दाव्यांची छाननी करणाऱ्या पॉलिटिफॅक्टने त्याला 2009 मधलं सर्वांत मोठं असत्य ठरवलं. तरी तो टिकला. का, याचं अर्धं उत्तर 1977 च्या एका प्रयोगात आहे. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं दिली आणि ती किती खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं दर वेळी तीच असत. तीच जास्त खरी वाटू लागली, मग ती खरी असोत वा खोटी. ओळखीची गोष्ट मेंदूला सहज पेलते आणि त्या सहजपणालाच आपण खरेपणा समजतो. आता 'डेथ पॅनेल नाही' हा मथळा पुन्हा वाचा. त्यातही 'डेथ पॅनेल' आहेच.

उरलेलं अर्धं उत्तर निष्ठेत आहे. नायहन, रायफ्लर आणि युबेल यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना पेलिन यांच्या दाव्याची नुसती बातमी दिली, तर काहींना तीच बातमी तज्ज्ञांच्या खुलाशासह. पेलिन न आवडणाऱ्यांचा गैरसमज खुलाशाने कमी झाला. त्यांच्या चाहत्यांपैकी राजकारणाची फारशी माहिती नसलेल्यांचाही झाला. पण ज्यांना राजकारण चांगलं कळत होतं, अशा चाहत्यांचा विश्वास उलट वाढला! माहिती वाढली की माणूस शहाणा होतो, हे आपलं गृहीतक इथे तोंडावर आपटतं. त्याला मुद्दे खोडायची हत्यारं मिळतात इतकंच. अर्थात, हा उलटा परिणाम फार दुर्मिळ असावा. वुड आणि पोर्टर यांनी पुढे 50 हून अधिक विषयांवर तो शोधला आणि त्यांना तो जवळपास सापडलाच नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते ॲडम बेरिन्स्की यांचं 2017 मधलं संशोधन. या अफवेचा खुलासा कोणाच्या तोंडून आला तर पटतो, हे त्यांनी तपासलं. सर्वांत परिणामकारक ठरला तो रिपब्लिकन नेत्याच्या तोंडचा, म्हणजे अफवा लोकांना खरी वाटली तर ज्यांचा फायदा होता त्यांच्याच माणसाचा. जॉर्जियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉनी आयझॅकसन यांनी तेव्हा हा आरोप वेडगळ असल्याचं खरोखरच म्हटलं होतं. असे आवाज मोजकेच निघाले.

आणि भीती पूर्णपणे हवेतली होती, असंही म्हणवत नाही. मेडिकेअरच्या खर्चाची वाढ रोखणं हा सुधारणेचा जाहीर हेतू होता. खर्च कमी होणार म्हणजे कोणाचे तरी उपचार कमी होणार, असं सत्तरीतल्या माणसाला वाटलं तर त्याला मूर्ख कसं म्हणणार? खुलासे मात्र कलमाच्या शब्दांवरच घुटमळत राहिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय दिशाभूल एकाच बाजूने झाली नाही. 'तुमची विमा योजना आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील' हे ओबामांचं आश्वासन अनेकांच्या योजना रद्द झाल्यावर फोल ठरलं आणि 2013 मध्ये पॉलिटिफॅक्टचा तोच मान त्याला मिळाला.

23 मार्च 2010 रोजी कायद्यावर सही झाली, पण सल्ल्याच्या फीची तरतूद त्यातून आधीच गळली होती. ती नियमांच्या वाटेने आणायचा प्रयत्न झाला. जानेवारी 2011 मध्ये बभ्रा होताच सरकारने माघार घेतली. अखेर 1 जानेवारी 2016 पासून मेडिकेअर अशा भेटीचे पैसे देऊ लागलं. पहिल्या 30 मिनिटांसाठी बिलावर 99497 हा कोड पडतो. या वेळी फारसा गदारोळ झाला नाही.