घरी उघडून बसवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालत नसेल, तर आधी हे बघा

(आमच्याकडून ओव्हरहॉल किट नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

नमस्कार.

किट नेलेल्या ग्राहकांचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "सगळं नीट बसवलं, पण गाडी हलत नाही." लगेच दुसरं: "परत खाली उतरवतो." कृपया थांबा. गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं म्हणजे सगळी मेहनत दुप्पट, नवं पॅकिंग, नवं तेल. गाडीखाली पडून बाहेरून तपासता येतं ते आधी संपवा.

हे पत्रक फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्ससाठी आहे (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल भाग). २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी (आपोआप गिअर बदलणारा) मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, आणि सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या प्रकाराचं) काम व तेल दोन्ही वेगळं.

तेल

सर्व्हिसिंगला चेंबरचा (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेचा) नट काढला की सगळं तेल कधीच निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. ओव्हरहॉलनंतर मात्र कन्व्हर्टर, तेल थंड करणारा कूलर, पाइप सगळंच रिकामं असतं. त्यामुळे "नेहमी इतकं लागतं" या हिशोबाने भरलेलं तेल कमी पडतं आणि पंप हवा ओढतो. इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा सावकाश फिरवा, पुन्हा तेल घाला. रेस देऊ नका.

तेल मोजायची पद्धत प्रत्येकाची निराळी. बऱ्याच गाड्यांत तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघतात. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकला मात्र इंजिन गरम करून, बंद करून बघायचं असतं. टोयोटाच्या डब्ल्यूएस तेलाच्या अनेक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नाही. तिथे तेल साधारण ४० अंश सेल्सिअसला असताना, इंजिन चालू ठेवून ओव्हरफ्लो प्लगमधून बघतात. जास्त भरलं तर फेस होतो आणि गाडी तशीच स्लिप होते. डेक्स्रॉन, टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१ ही एकमेकांच्या जागी चालणारी तेलं नाहीत. रंग लाल आहे एवढ्यावर घेऊ नका.

टॉर्क कन्व्हर्टर

घरच्या कामात सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर. कन्व्हर्टर आत बसताना सहसा तीन टप्पे घेतो: दोन स्प्लाइन (दातेरी शाफ्ट) आणि शेवटी पंपाचे खाचे. फिरवत ढकलला की प्रत्येक वेळी 'खट्' जाणवतं. शेवटचा टप्पा राहिला, तर गिअरबॉक्स इंजिनाला हाताने टेकत नाही, थोडी फट राहते. मग घाईत बोल्ट आवळून ती फट ओढली जाते आणि पंप फुटतो. फट दिसली की बोल्टला पाना लावूच नका. बोल्ट आवळून झाले असतील, एकही गिअर पडत नसेल आणि पुढून कर्कश आवाज येत असेल, तर इंजिन लगेच बंद करा. हा एक प्रकार असा, की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

बाकीची लक्षणं

लिव्हर डीमध्ये आहे पण गाडी ढिम्म: लिव्हरची केबल मॅन्युअल व्हॉल्व्हला (लिव्हरने हलणाऱ्या व्हॉल्व्हला) नीट जोडली आहे का, पार्किंग लॉक लागतो का, बघा. मग चेंबर काढून फिल्टरची ओ-रिंग जागेवर आहे का ते पाहा.

गिअर उशिरा पडतो: टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये एन ते डी १.२ सेकंदांच्या आत आणि एन ते आर १.५ सेकंदांच्या आत अशी मर्यादा असते. तेल बरोबर असूनही फार उशीर होत असेल, तर प्रेशर कुठेतरी गळतंय. सील उलटं बसलं असण्याची शक्यता मोठी, कारण सीलची ओठाळी (लिप) प्रेशरच्या बाजूला हवी.

एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला: आधी वायरिंगचं सॉकेट बघा, मग स्कॅनर लावा.

गिअर बदलताना झटका, किंवा आरपीएम नुसतेच चढतात: व्हॉल्व्ह बॉडीतली (तेलाचं प्रेशर वाटणाऱ्या भागातली) एखादी छोटी चेक-बॉल गोळी चुकीच्या जागी गेली असेल, किंवा बोल्ट जास्त आवळल्याने व्हॉल्व्ह अडकत असेल. हे बोल्ट बऱ्याच गिअरबॉक्सवर १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात. हाताच्या अंदाजाने नाही, टॉर्क रेंचनेच. जोडणीत ग्रीस वापरलं असेल तर तेही सांगा. ग्रीस बारीक छिद्रं बुजवतं. तिथे पेट्रोलियम जेली वापरतात.

कूलर धुतला नसेल, तर जुना चुरा नव्या क्लच प्लेटींत गेलाच म्हणून समजा.

स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअर टाकून पूर्ण रेस देण्याची चाचणी) घरी करू नका. ब्रेक सुटला तर समोरचा माणूस चिरडतो. नव्या प्लेटीही काही सेकंदांत जळतात.

गाडी स्लिप होतेय हे कळल्यावर "एक चक्कर मारून बघतो" म्हणू नका. आणि आमच्याकडे आणायची झाली तर टोचन करून, चाकं रस्त्यावर फिरवत आणू नका. इंजिन बंद असलं की पंप बंद, आणि आतले भाग कोरडे घासतात. गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच पाठवा. चेंबर उघडलं असेल तर त्यातलं तेल आणि चुरा बरणीत जपून ठेवा, तो आम्हाला बघायचा आहे.