किल्लीतली चिप आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा: मागची गोष्ट

बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर दर दोनेक सेकंदांनी एक लाल ठिपका लुकलुकतो. बऱ्याच गाड्यांत तो बिघाड नसून पहारा चालू असल्याची खूण असते. काळजी करायची ती वेगळ्या वेळी: किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांत विझायला हवा तो दिवा विझत नाही किंवा भराभर उघडझाप करतो, तेव्हा. गाडीला किल्ली ओळखू आलेली नाही, असा त्याचा अर्थ.

ही ओळख पटवण्याची कल्पना जनरल मोटर्सने १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आणली. स्टीअरिंगखालचं आवरण फोडून स्क्रूड्रायव्हरने गाडी चालू करणाऱ्या चोरांना अडवायचं होतं. किल्लीच्या पात्यात विजेला ठराविक अडथळा करणारा एक छोटा काळा रेझिस्टर बसवलेला असे. हा अडथळा सुमारे ४०० ते ११,८०० ओहम यांदरम्यानच्या १५ मूल्यांपैकी एक. मूल्य जुळलं नाही, तर स्टार्टर आणि इंधन दोन्ही काही मिनिटं बंद. पण अवघे १५ पर्याय म्हणजे चिकाटीच्या चोराला फार नव्हेत. शिवाय रेझिस्टरला कुलपातल्या पट्ट्यांचा स्पर्श व्हावा लागे. तिथे मळ साचे आणि कुलपाबरोबर सतत फिरून त्यातल्या बारीक तारा तुटत. मग खुद्द मालकालाच गाडी दाद देईना.

स्पर्शाची ही अडचण ट्रान्सपाँडरने, म्हणजे रेडिओ लहरींनी साद घातली की उत्तर देणाऱ्या चिपने, सोडवली. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा असतो. त्याला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल साधारण १२५ किंवा १३४ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर पाठवते. पल्ला काही सेंटिमीटरचाच. पण एकाच कडीत दोन चिपच्या किल्ल्या असल्या तर दोन्ही त्याच क्षेत्रात येतात आणि कधी कधी एकमेकींच्या आड येतात. रिमोटचा सेल संपला तरी चिप चालते, कारण तिला स्वतःला सेल लागतच नाही.

युरोपीय समुदायाच्या १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून तिथल्या नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखू आली नाही तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. कॅनडाने २००७ मध्ये तसंच केलं. अमेरिकेने सक्ती केली नाही आणि त्याची किंमत पुढे दिसली. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर मूळचाच होता, ह्युंदाई आणि किया यांच्या तिथल्या गाड्यांत मात्र २६ टक्क्यांत. २०२१ पासून याच बिनचिपच्या गाड्या सर्रास पळवल्या जाऊ लागल्या.

चिपही अभेद्य नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी त्या काळी लाखो किल्ल्यांत असलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा ४० बिटांचा गुप्त संकेत फोडून दाखवला. तरीही स्क्रूड्रायव्हर घेऊन येणाऱ्या चोराला ती पुरून उरते.

आपल्याकडे मारुतीने हीच व्यवस्था ‘आयकॅट्स’ नावाने आणली. आपल्या गॅरेजांत नेहमी दिसणारी तक्रार अशी: सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, किंवा पकडून लगेच बंद पडतं, आणि किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. आधी दुसरी किल्ली लावून पाहा. तिने गाडी चालू झाली, तर दोष पहिल्या किल्लीच्या चिपचा. दोन्हींनी नाही झाली, तर बॅटरीचा दाब, फ्यूज आणि कुलपाभोवतीच्या कॉइलचा कनेक्टर तपासा. मूठ बदलताना जुनी चिप जुन्याच मुठीत राहून जाते, हेही वरचेवर घडतं. भंगारातून आणलेला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तसाच लावला, तर तो तुमच्या किल्ल्या ओळखणारच नाही.

रस्त्यावरचा किल्लीवाला पातं हुबेहूब कापून देतो. त्या किल्लीने दार उघडतं, इंजिन चालू होत नाही, कारण चिपची नोंद गाडीत करावी लागते. एक किल्ली हरवली की उरलेलीवर दिवस काढू नका. चालू किल्ली हाताशी असताना नवी नोंदवणं सोपं आणि स्वस्त पडतं. सगळ्याच हरवल्या, तर गाडीचा गुप्त पिन कोड, गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर आणि काही गाड्यांत ईसीयू खोलण्यापर्यंत काम जातं. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी सगळ्या मूळ किल्ल्या मागते, म्हणून हरवलेल्या किल्लीची पोलिसांकडे नोंद करून पावती जपून ठेवा.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपला, तर बहुतेक मॉडेलांत रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून धरायचा, काहींत कन्सोलमधल्या ठराविक खाचेत ठेवायचा. आत तीच बिनसेलची चिप असते.