जुन्या कॉम्प्युटरसाठी स्वस्त रॅम आणि एसएसडी : भावांमागचा इतिहास

२०२५च्या मध्यावर रॅमच्या बाजारात एक उलटी गोष्ट घडली. डीडीआर-४ ही रॅमची जुनी पिढी तेवढ्याच क्षमतेच्या नव्या डीडीआर-५पेक्षा महाग झाली. वर्षअखेरीस डीडीआर-५चे भावही असे वर गेले की वर्षभरापूर्वीची किंमत सांगितली तर दुकानदार नुसता हसायचा. कारण एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी खास मेमरी बनवण्यात बड्या उत्पादकांनी आपली क्षमता वळवली आणि डीडीआर-४चं उत्पादन आवरतं घेण्याचं ठरवलं. पण ‘जुनं ते महाग’ हा अनुभव काही २०२५चा शोध नाही. पाच-सात वर्षांच्या मशीनमध्ये रॅम वाढवून आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चिपांवर साठवणारी एसएसडी टाकून ते आणखी चार वर्षं चालवणाऱ्याला तो प्रत्येक पिढीत आला आहे.

फार मागे जायचं कारण नाही. ३० पिनांच्या, मग ७२ पिनांच्या ‘सिम’ नावाच्या रॅमपट्ट्यांच्या काळात रॅम सोन्यासारखी जपून विकली जायची, एवढं पुरे. नव्वदच्या दशकातल्या दोन घटना मात्र सांगायला हव्यात, कारण हा बाजार किती नाजूक आहे ते त्यांतून कळतं. जुलै १९९३मध्ये जपानच्या निइहामा गावातल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपभोवतीचं काळं आवरण ज्या इपॉक्सी रेझिनचं असतं, त्याचा जगातला निम्म्याहून जास्त पुरवठा तिथून व्हायचा. रॅमचे भाव रातोरात चढले. सप्टेंबर १९९९मध्ये तैवानात मोठा भूकंप झाला तेव्हा पुन्हा तेच. आणि जेव्हा स्फोटही नव्हता, भूकंपही नव्हता, तेव्हा भाव वर ठेवायचं काम उत्पादकांनी आपसांत ठरवून केलं. १९९८-९९ ते २००२ या काळातल्या संगनमताबद्दल अमेरिकेत खटले चालले, कंपन्यांना मिळून ७३ कोटी डॉलरपेक्षा जास्त दंड झाला आणि काही अधिकारी तुरुंगात गेले. इथल्या ग्राहकाला त्यातला रुपया परत मिळाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हा माल पोचायचा तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि तिथून जिल्ह्याच्या गावी. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचा आयात कर हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७मध्ये सामील झाला आणि २००५पासून मूळ सीमाशुल्क शून्यावर आलं. त्यानंतर ‘बिलासकट की विदाऊट बिल’ यातला फरक उरला तो स्थानिक करापुरता आणि वॉरंटीपुरता. जुलै २०१७पासून जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा तो फरक पुन्हा डोळ्यांत भरायला लागला. भाव मात्र कायम डॉलरवरच चालत आला आहे. लॅमिंग्टन रोडवर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा भाव मिळाला तर तो दुकानदाराचा लहरीपणाच असतो असं नाही.

जुन्या मशीनला नवा जीव देण्याचा खरा सुगीचा काळ म्हणजे साधारण २००७ ते २०१५. जानेवारी २००७मध्ये विंडोज व्हिस्टा आलं. त्याला भरपूर रॅम लागेल म्हणून कारखान्यांनी डीडीआर-२ उदंड बनवून ठेवली. व्हिस्टा लोकांनी घेतलं नाही, रॅम पडून राहिली आणि भाव कोसळले. आधीच्या विंडोज एक्सपीच्या मशीनमध्ये ५१२ एमबीवर दिवस काढणाऱ्यांनी तेव्हा २ जीबी टाकून घेतली. पुढे जायला मात्र भिंत होती. ३२ बिटच्या विंडोजमध्ये ४ जीबी घातली तरी सव्वातीनच्या आसपासच दिसायची, आणि उरलेली कुठे गेली हे गिऱ्हाईकाला समजावताना दुकानदाराचा घसा कोरडा पडायचा.

त्याच वर्षी डीडीआर-३ बाजारात आली, आणि जुन्या रॅमच्या भावाचा ठरावीक प्रवास इथे स्वच्छ दिसतो. नवी पिढी आली की पहिली एक-दोन वर्षं जुनी स्वस्त होत जाते. कारखाने दोन्ही बनवत असतात आणि साठा भरपूर असतो. मग कारखाने जुनीची लाइन बंद करतात, साठा आटतो, पण मशीन मात्र घराघरांत चालूच असतात. तिथून भाव उलटा फिरतो. २०१०च्या सुमारास डीडीआर-२ अशीच डीडीआर-३पेक्षा महाग झाली. लॅपटॉपची ४ जीबीची डीडीआर-२ स्टिक तर कधीच स्वस्त झाली नाही, कारण ती बनलीच थोडी. जुनी रॅम स्वस्त मिळण्याची खिडकी असते ती मधल्या काळात. मशीन संथ झालं म्हणून आपण दुकानात जाईपर्यंत ती बहुधा बंद झालेली असते.

याच काळातला एक निर्णय आजही त्रास देतो आहे. तो म्हणजे डीडीआर-३एलचा.

आधीच्या प्रत्येक पिढीत चुकीची रॅम बसूच नये अशी सोय होती. कडेची खाच सरकवलेली असायची, त्यामुळे डीडीआर-२च्या स्लॉटमध्ये डीडीआर-३ जायचीच नाही. ज्याला काही कळत नाही त्याचंही नुकसान टळायचं. २०१०मध्ये मानक ठरवणाऱ्या संस्थेने डीडीआर-३ची कमी व्होल्टेजची आवृत्ती आणली. मूळची दीड व्होल्टवर चालायची, ही १.३५ व्होल्टवर. पिना तेवढ्याच राहिल्या, लॅपटॉपसाठी २०४ आणि डेस्कटॉपसाठी २४०, आणि खाचही हलवली नाही. फरक काय तो लेबलवरच्या एका अक्षराचा : पीसी३-१२८००एसच्या जागी पीसी३एल-१२८००एस.

खाच न हलवण्याला कारण होतं. एल स्टिक दोन्ही व्होल्टेजवर चालावी अशीच घडवलेली होती. म्हणजे ती २००९च्या लॅपटॉपमध्येही चालते आणि २०१४च्याही. खाच बदलली असती तर हे जमलं नसतं. पण उलट दिशेने गाडी जात नाही. २०१२पर्यंतचे बरेचसे लॅपटॉप दोन्ही घ्यायचे. २०१३मध्ये इंटेलच्या प्रोसेसरची चौथी पिढी आली, तिच्या लॅपटॉपांनी दीड व्होल्टची रॅम नाकारली. स्टिक स्लॉटमध्ये छान टक् करून बसते, बटण दाबलं की पंखा फिरतो, आणि स्क्रीन काळी ती काळीच. गिऱ्हाईक म्हणतं रॅम खराब, दुकानदार म्हणतो तुमचा मदरबोर्ड गेला, आणि दोघंही चूक. एकाच मालिकेचा लॅपटॉप, बाहेरून तोच, पण वर्ष वेगळं म्हणून रॅम वेगळी लागते, हे कुणी कुणाला सांगायचं?

यात भर पडली एलपीडीडीआर-३ची. नावातली अक्षरं तीच, पण वस्तू सर्वस्वी निराळी. ती थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, स्लॉटच नसतो. पातळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात हे नाव वाचून तशी स्टिक शोधत फिरणारे लोक आजही भेटतात. तशी स्टिक मिळत नाही.

२०१५मध्ये सहावी पिढी आली तेव्हा वाद डेस्कटॉपपर्यंत पोचला. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने अधिकृतपणे डीडीआर-४ आणि डीडीआर-३एल एवढ्याच चालतील असं सांगितलं. दीड व्होल्टच्या रॅमने प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला कालांतराने इजा होऊ शकते, असंही बजावलं. मदरबोर्डवाल्यांनी मात्र साधी डीडीआर-३ घेणारे बोर्ड खुशाल विकले. ‘आमच्याकडे चालते’ एवढंच त्यांचं उत्तर. ज्यांच्याकडे जुन्या मशीनची ८ जीबी पडून होती त्यांनी तीच वापरली. माझ्या मते खाच न हलवण्याचा निर्णय कागदावर बरोबर होता आणि काउंटरवर चुकीचा. उत्पादकांचा साठा एकजिनसी झाला, गोंधळ निस्तरायचं काम गिऱ्हाईकाकडे आलं. पुढे किरकोळ विक्रीच्या ब्रँडांनी लॅपटॉपसाठी दोन्ही व्होल्टेजची स्टिक पुढे करायला सुरुवात केली आणि नव्या मालापुरता प्रश्न मिटला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘पुल्ड’ रॅमच्या ढिगात तो अजून तसाच आहे. तिथे लेबल स्वतः वाचावं लागतं. १२८०० हा आकडा १६०० गुणिले ८ असा येतो, म्हणजे तीच १६०० वेगाची स्टिक. शेवटचा एस लॅपटॉपचा, यू डेस्कटॉपचा. एल नसेल तर दीड व्होल्ट.

त्याच ढिगात आणखी एक सापळा असतो, तो ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून येणाऱ्या अतिस्वस्त डेस्कटॉप स्टिकचा. वेगळ्या रचनेच्या चिप वापरून बनवलेल्या या स्टिक इंटेलच्या बोर्डावर चालतच नाहीत. ऑनलाइन यादीत ही अट शेवटच्या ओळीत असते, भाव पहिल्या.

स्टोरेजचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. २००८मध्ये ८० जीबीची एक गाजलेली एसएसडी ५९५ डॉलरला निघाली. ती आपल्यासाठी नव्हती. ऑक्टोबर २०११मध्ये थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. जगातल्या साधारण ४० टक्के डिस्क त्या देशात बनत होत्या. डिस्कचे भाव जवळपास दुप्पट झाले आणि ते पूर्ववत व्हायला बराच काळ गेला. त्याच अवधीत एसएसडी उतरत होती. ‘डिस्क एवढी महाग असेल तर एसएसडीच का नको’ हा विचार अनेकांच्या मनात पहिल्यांदा आला तो तेव्हा.

जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत खरी करामत केली ती कॅडीने. डीव्हीडी ड्राइव्ह काढायचा, त्याच जागी साडेनऊ किंवा पावणेतेरा मिलिमीटरची कॅडी बसवायची, जुनी हार्ड डिस्क तिच्यात सरकवायची आणि मूळ जागी १२० जीबीची एसएसडी. विंडोज एसएसडीवर, फोटो-सिनेमे जुन्या डिस्कवर. जुन्या मशीनमध्ये साटा-२, म्हणजे डिस्क जोडायची जुनी संथ जोडणी, असेल तर एसएसडीचा निम्मा वेग वाया जातो, हे खरं. पण फिरणारी डिस्क मार खाते ती हजारो बारक्या फायली शोधताना, आणि ते काम एसएसडी कुठल्याही साटावर कैक पटींनी लवकर करते. एवढा दृश्य फरक रॅम दुप्पट करूनही पडत नाही. म्हणून ४ जीबी असलेल्या मशीनला आधी एसएसडी आणि मग रॅम, हा क्रम दुरुस्तीवाल्यांमध्ये रुळला.

एसएसडी स्वस्त होत गेली त्यामागे चिपमधल्या एका पेशीत जास्त बिट कोंबण्याची युक्ती आहे : आधी दोन, मग तीन, मग चार. त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती चोरून केलेल्या बदलाला. २०१४मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये नामांकित कंपन्यांनी परीक्षण करणाऱ्यांना एक माल दिला आणि काही महिन्यांनी त्याच नावाने, त्याच खोक्यात हळू चिपांचा माल विकला, हे उघड झालं. खुलासे आले, त्यांचा सूर ‘जाहीर केलेल्या वेगात आम्ही बसतो’ असा होता. लॅपटॉपवाल्याला फरक जाणवायचाही नाही कदाचित, पण पैसे त्याने जुन्या परीक्षणावर विश्वासून मोजलेले असतात. यापुढचा प्रकार तर सरळ फसवणुकीचा. १६ किंवा ३० टीबीच्या म्हणून ऑनलाइन विकल्या गेलेल्या ‘एसएसडी’ फोडल्या तर आत मोबाइलची कार्डं चिकटवलेली निघाली.

एम.२ हा एसएसडीचा पातळ पट्टीसारखा आकार आल्यावर स्लॉट पाहून माल ओळखता येईनासा झाला. दिसायला एकच, पण आत जुनी साटा जोडणी की जास्त वेगवान एनव्हीएमई हे बोर्डावर अवलंबून. डीडीआर-३एलच्या गोंधळाचीच ही पुढची आवृत्ती, फक्त यावेळी निदान खाचा दोन प्रकारच्या ठेवल्या.

२०१६ ते २०१८ रॅम पुन्हा चढली, २०१९मध्ये उतरली. २०२०च्या टाळेबंदीत शाळा घरात आल्या आणि माळ्यावरचे लॅपटॉप खाली उतरले. भाडेपट्टीची मुदत संपलेले कंपन्यांचे लॅपटॉप लॉटने विकत घेऊन, ८ जीबी आणि २५६ जीबीची एसएसडी टाकून विकण्याचा धंदा याच सुमारास जोरात आला. २०२३मध्ये एसएसडी आणि रॅम दोन्ही इतकी स्वस्त झाली की उत्पादक तोटे जाहीर करत होते. ज्यांनी तेव्हा घेऊन ठेवलं ते शहाणे ठरले, पण तेव्हा कुणाला घाई नव्हती.

मधेच सॉफ्टवेअरने वेगळीच भिंत उभी केली. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ला रॅम ४ जीबीच लागते, पण प्रोसेसर इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. म्हणजे १६ जीबी रॅम आणि नवी एसएसडी असलेला २०१६चा लॅपटॉप नापास, आणि ४ जीबीवर रखडणारा २०१९चा पास. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. सुरक्षेच्या नावाखाली चालत्या मशीनना भंगाराचा रस्ता दाखवला अशी टीका झाली, आणि ती पूर्णपणे अनाठायी म्हणता येत नाही. काहींनी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव सोय घेतली, काही लिनक्सकडे गेले, बरेच जण काहीच न करता तसेच वापरत राहिले.

डिसेंबर २०२५मध्ये एका मोठ्या अमेरिकी मेमरी कंपनीने आपला जवळजवळ ३ दशकांचा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माल फेब्रुवारी २०२६पर्यंत पाठवू, असं कंपनीने सांगितलं. जुन्या मशीनच्या मॉडेलनुसार नेमकी कोणती रॅम चालेल हे सांगणारी सोय याच ब्रँडची होती, आणि दुसऱ्या ब्रँडची रॅम घेणारेही आधी तिथे पाहून घ्यायचे. वॉरंटीची सेवा सुरू राहील असं कंपनी म्हणते. त्या खोक्यांवर ‘मर्यादित लाइफटाइम वॉरंटी’ लिहिलेलं आहे. कुणाचं लाइफटाइम, यावर कंपन्यांची कलमं वेगवेगळी आहेत. जर्मनी आणि फ्रान्ससाठी याच कंपनीने ती मुदत खरेदीपासून १० वर्षं अशी लिहून ठेवली आहे. बाकीच्यांना बदलीत तशीच स्टिक मिळणार की पैसे, आणि पैसे मिळाले तर खरेदीच्या दिवशीच्या भावाने की आजच्या, यावर सध्याच्या भावात बराच फरक पडतो.