झांझिबारची दारं आणि हत्ती

'झांझिबारच्या जुन्या घरांच्या दारांवर पितळी टोकं बसवली, ती हत्तींनी दार फोडू नये म्हणून', असा फॉरवर्ड अधूनमधून येतो. तो पटतोही, कारण आपल्या डोळ्यांसमोर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा असतो. तिथले अणकुचीदार खिळे खरोखरच हत्तींसाठी होते. पण झांझिबार पडलं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट. त्यात स्टोन टाऊनच्या, म्हणजे तिथल्या शहराच्या जुन्या भागाच्या, कित्येक गल्ल्या इतक्या अरुंद, की हत्ती धडक घ्यायला उभा राहणार कुठे? दारांवर टोकं बसवायची कल्पना भारतातून व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेली आणि श्रीमंतीची खूण होऊन बसली. फोटो शेजारी ठेवून पाहा: दिल्ली दरवाज्याचे खिळे लांब, पोलादी, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला, झांझिबारचे आखूड, पितळी, पार खालपर्यंत नक्षीसारखे ओळीने.