बालसंगोपन योजना: पात्र असूनही अर्ज का अडतो?

‘ती अनाथ मुलांची योजना’ असं ऐकून कितीतरी विधवा बाया अर्जच करत नाहीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा वडील गेलेलं, पालकांचा घटस्फोट झालेलं, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेलं 18 वर्षांखालचं मूलही बसतं. मदत दरमहा 2,250 रुपये.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा; आदेश बालकल्याण समिती काढते. सोबत आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि घरासमोर पालक व मुलं एकत्र असा फोटो लागतो.

आई किंवा वडील गेले असतील तर खरी अडचण त्यांच्या मृत्यू दाखल्याची. घरी झालेल्या मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, हे दुःखात कोणाला सुचणार? वर्ष उलटलं की ग्रामसेवक परत पाठवतो, कारण मग जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या उपविभागीय वा कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणून योजनेचा फॉर्म भरण्याआधी या आदेशासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. बाकीचे कागद तोवर होतात.

नवरा सोडून गेलेल्या बाईकडे तर कोर्टाचा कागदच नसतो. तिला ‘घटस्फोटाची प्रत आणा’ म्हणून चार चकरा मारायला लावणं अन्यायाचं आहे. अर्जात तो केव्हापासून घरी नाही ते तारखेनिशी लिहा, पोलिसांत तक्रार दिली असेल तर प्रत जोडा. गृहभेटीला कर्मचारी येतो तेव्हा घरी थांबा आणि काही लपवू नका. समिती त्याचा अहवाल पाहते.

नावांकडेही बघा. आधारवर ‘सुनिल’, शाळेत ‘सुनील’, मृत्यू दाखल्यावर वडिलांचं घरगुती नाव, एवढ्यावर फाईल मागे येते. 5 आणि 15 वर्षांनंतर मुलाच्या बोटांचे ठसे आधारला नव्याने द्यावे लागतात, तेही राहून गेलेलं असतं. खातं आधारशी जोडलंय का, हे बँकेत जाऊन विचारा. आदेश होऊनही पैसे न येण्यामागे बहुतेकदा हेच असतं.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या वेगळ्या योजनेतल्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मिळणाऱ्या मदतीत, दरमहा 4,000 रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000, इतरत्र 96,000 रुपये. एका मुलासाठी दोन्ही मदती एकदम मिळत नाहीत, तेव्हा कुठली घ्यायची ते बाल संरक्षण कक्षात विचारून ठरवा. अर्जाला शुल्क नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नका, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.