‘उदास वाटतं का?’ असं विचारून भागत नाही

माझा भाचा भुसावळला राहतो. वय 19, स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. फलाटावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि वेळा तो वहीत टिपायचा. दिवाळीनंतर वही बंद झाली, जेवण कमी झालं, रात्ररात्र जाग. घरचे म्हणाले, स्वमग्नतेमुळेच असेल. मे महिन्यात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “उदास वाटतं का?” तो म्हणाला, “नाही.” तपासणी संपली.

तो खोटं बोलला नव्हता. स्वमग्न माणसांपैकी साधारण निम्म्यांना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं जड जातं. इतरांमध्ये हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असतं. याला ‘अलेक्सिथायमिया’ म्हणतात. छाती धडधडतेय हे कळतं, पण ती भीती, भूक की उकाडा, हे उलगडत नाही. आमच्याकडे तर तेव्हा पारा 45 च्या घरात होता. अंगाची काहिली आणि जिवाची घालमेल त्यानं वेगळी काढायची तरी कशी?

आणि आजार खरोखर असतो. 2019 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सुमारे 20 टक्के स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंताविकार आणि 11 टक्क्यांमध्ये नैराश्य आढळलं. आवडीचा छंद अचानक सुटणं ही नैराश्याची खूण असू शकते. ती स्वमग्नतेच्या खात्यावर टाकली की उपचार राहूनच जातात. मला याचीच सर्वांत जास्त चीड येते.

वाट दाखवली ती त्याच्या आजीनं. ती अहिराणीत विचारायची, “पोटमा दुखस का?” त्यावर तो लगेच होकाराची मान हलवायचा. नंतरच्या समुपदेशक बाईंनी तेच सूत्र धरलं: शरीराचं चित्र, शून्य ते दहाची पट्टी, आणि “आज मन पॅसेंजर की एक्सप्रेस?” उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2012 मध्येच हे सुचवलंय: साधी, थेट भाषा, लेखी किंवा चित्रांतली माहिती, मध्ये विश्रांती, रुग्णाच्या आवडीचा आधार.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता दिव्यांगत्वात मोडते आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे. पण अनेक स्वमग्नांना फोनवर बोलणंच नको होतं, तेव्हा घरच्यांनी लावावा.

दवाखान्यात जाण्याआधी एक पान लिहून न्या: काय बंद झालं, कधीपासून, कुठला आवाज किंवा उजेड सोसत नाही. आमच्या पानावरची पहिली ओळ आजीनं सांगितलेली होती: ‘पोट दुखतं म्हणाला, तर तो घाबरलेला असतो.’